भगव्या मेबॅकचे राजाराम महाराज

तुमच्या ग्रुपवर रोज काय चालतं ते आम्हाला माहीत आहे. कुणाची थार किती हॉर्सपॉवरची, कुणी सायलेन्सर बदलला, कुणी उद्यमनगरातून अलॉय बसवून आणले. भावांनो, चर्चा चालू राहू दे, पण कोल्हापुरातली सगळ्यात भारी गाडी कुठली, याचं उत्तर 1936 सालातच देऊन झालंय. भगव्या रंगाची मेबॅक. आणि ती आणवणारे राजाराम महाराज.

राजर्षी शाहूंचे हे थोरले चिरंजीव. जन्म 31 जुलै 1897 चा. शिक्षण काही काळ इंग्लंडात, पुढे अलाहाबादला शेतीचं. 1918 मध्ये धाकटे बंधू शिवाजी शिकारीत घोड्यावरून पडून गेले. चारच वर्षांनी, 6 मे 1922 ला, वडीलही गेले. पंचविशीही न गाठलेल्या पोराच्या डोक्यावर शाहू महाराजांच्या नावाचं ओझं आलं. विचार करा, तुमच्यातले कितीजण या वयात अजून पहिल्या नोकरीच्या शोधात आहेत!

राजाराम महाराजांना नव्या यंत्रयुगाचं भारी आकर्षण. कसबा बावड्याचा साखर कारखाना त्यांच्याच काळातला, रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस 1931 ते 1934 मधला आणि विमानतळ 1939 चा. राजारामपुरीत राहणाऱ्यांना नावाचं वेगळं सांगायला नको.

आता गाडीकडे वळू. जर्मनीतल्या फ्रीडरिक्सहाफेनच्या मेबॅक कंपनीची सुरुवातच आकाशातली. झेपेलिन नावाच्या अजस्र हवाई जहाजांची इंजिनं ती बनवायची. त्याच नावाची त्यांची सर्वात मोठी मोटार बारा सिलिंडरची, जवळजवळ आठ लिटरचं इंजिन आणि 200 हॉर्सपॉवर! आज आपण दीड लिटरच्या गाडीवर खूश असतो. मेबॅकवाले गाडी 'तयार' विकायचेच नाहीत म्हटलं तरी चालेल. ते इंजिन आणि सांगाडा द्यायचे. बॉडी कारागिरांकडून, गिऱ्हाइकाच्या मर्जीनं. म्हणजे मॉडिफिकेशन हे गाडी घेतल्यावरचं काम नव्हतं, तिथूनच सुरुवात व्हायची. आपल्या गाडीला रंग मिळाला तो भगवा. छत्रपतींच्या गाडीला दुसरा कुठला शोभला असता?

पण या झगमगाटाची दुसरी बाजू सांगितली नाही तर ही गोष्ट अर्धीच राहील. तेव्हा मंदी होती, शेतमालाला भाव नव्हता आणि शेतसारा मात्र तेवढाच होता. 1938 च्या अखेरीस माधवराव बागलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, पुढच्या वर्षी प्रजा परिषद उभी राहिली. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला सारा माफ करा म्हणणारा कुणबी. आम्हाला वाटतं, महाराजांच्या आवडीला नावं ठेवण्यापेक्षा हा ताण समजून घ्यावा. विमानतळ गावासाठी होता, साखर कारखान्यानं उसाला गिऱ्हाईक मिळालं, पण राजाला जाब विचारायची वेळ आली होती आणि ती राजघराण्याच्या हातात राहणारी नव्हती. शाहू महाराजांनी ज्या बहुजन पोरांना शाळेत घातलं, त्यातलीच पिढी आता सवाल करत होती, हे तर मोठंच.

26 नोव्हेंबर 1940 ला मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय फक्त 43. मागे मुलगा नव्हता, त्यामुळे दत्तकाचा प्रश्न उभा राहिला. पुढे काही वर्षांतच, 1949 मध्ये, संस्थानही मुंबई प्रांतात विलीन झालं.

गाडी मात्र राहिली. दसऱ्याला सायंकाळी न्यू पॅलेसहून दसरा चौकाकडे छत्रपती याच मेबॅकमधून येतात, सीमोल्लंघन होतं, सोनं लुटलं जातं. यंदा गेलात तर फोन वर करायच्या आधी मिनिटभर थांबा आणि त्या इंजिनाचा आवाज ऐका. कर्कश हॉर्न नाही, सायलेन्सर फाडलेला नाही, तरी गर्दी आपोआप वाट करून देते.