बॉम्बपेक्षा ताटातूट जास्त दुखते, हे जगाला दाखवणाऱ्या ॲना फ्रॉईड

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लंडनमधल्या मुलांना वाचवण्याचा सरळ मार्ग ठरलेला होता. त्यांना आगगाडीत बसवायचं आणि गावाकडे अनोळखी कुटुंबांत ठेवायचं. लाखो मुलं अशी पाठवली गेली. जीव वाचला, पण आईवडिलांपासून तुटलेल्या मुलाच्या मनाचं काय होतं?

याचं उत्तर शोधणाऱ्या बाई स्वतःच निर्वासित म्हणून लंडनमध्ये आल्या होत्या. त्यांचं नाव ॲना फ्रॉईड.

शाळेतल्या बाई

ॲना यांचा जन्म 3 डिसेंबर 1895 चा, व्हिएन्नातला. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉईड यांच्या सहा मुलांमधल्या त्या सगळ्यात धाकट्या. त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मुलं कशाला घाबरतात, कधी खोटं बोलतात, कशाने खुलतात, हे त्यांनी आधी वर्गात पाहिलं.

मनोविश्लेषक व्हायचं तर आधी स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं लागतं. ॲना यांचं विश्लेषण चक्क वडिलांनीच केलं. आजच्या नियमांत हे अजिबात बसणार नाही. थेरपिस्टने आपल्या घरच्या माणसांवर उपचार करू नयेत, हे आता या पेशातलं मूलभूत पथ्य आहे.

मूल स्वतःहून येत नाही

मोठा माणूस त्रास होतो म्हणून स्वतःच्या पायाने थेरपिस्टकडे जातो. मुलाला मात्र कुणीतरी घेऊन येतं. बऱ्याचदा त्रास मुलाला नाही, घरच्यांना होत असतो. मग त्या मुलाने अनोळखी बाईंशी का बोलावं?

म्हणून ॲना आधी विश्वास कमवायच्या. एका मुलाच्या गोष्टी त्यांनी टाइपरायटरवर उतरवून दिल्या. एका मुलीच्या बाहुल्यांसाठी त्या तिच्यासमोर बसून कपडे विणत राहिल्या. ही पद्धत त्यांनी 1927 मध्ये पुस्तकातून मांडली.

याच मुद्द्यावर त्यांचा मेलनी क्लाईन यांच्याशी मोठा वाद झाला. मुलाच्या खेळातूनच त्याचं मन पहिल्या दिवसापासून वाचता येतं, असं क्लाईन यांचं म्हणणं होतं. मूल अजून आईवडिलांवर अवलंबून असतं, त्यामुळे घराला बाजूला ठेवून उपचार होत नाहीत, असं ॲना यांचं. पुढे या वादाने ब्रिटनमधल्या मनोविश्लेषकांमध्ये गट पडले. आज मुलांच्या थेरपीत खेळही असतो आणि पालकांशी बोलणंही, म्हणजे दोघींचंही काही ना काही टिकलं.

त्याच काळात व्हिएन्नात त्यांनी मैत्रिणींच्या साथीने एक छोटी शाळाही सुरू केली. तिथे शिकवणारा एक तरुण ॲना यांच्याकडेच मनोविश्लेषण शिकला. किशोरवयातल्या ओळखीच्या पेचाबद्दल पुढे जगभर वाचला गेलेला एरिक एरिक्सन तो हाच.

युद्धातलं पाळणाघर

मार्च 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतलं. फ्रॉईड कुटुंब ज्यू होतं. गेस्टापोने ॲना यांना चौकशीसाठी नेलं आणि संध्याकाळी सोडलं. जूनमध्ये कुटुंब लंडनला निघालं. मागे राहिलेल्या त्यांच्या चार आत्या नाझींच्या छळछावण्यांत गेल्या.

1941 मध्ये ॲना आणि त्यांच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी निवासी पाळणाघरं उघडली. तिथे प्रत्येकाला मुलांबद्दल जे दिसेल ते लिहून ठेवावं लागायचं.

त्या नोंदींतून एक गोष्ट समोर आली. आई जवळ असेल आणि ती शांत असेल, तर लहान मूल बॉम्बहल्लाही बऱ्यापैकी सहन करत होतं. सुरक्षित जागी पण आईविना ठेवलेलं मूल मात्र कोलमडत होतं. कुणी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, कुणी शिकलेलं बोलणं विसरलं.

मग पाळणाघराची रचनाच बदलली. मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गटाला एक ठरलेली 'आई' दिली. सुरुवातीला मुलं तिच्यावर हक्क गाजवत भांडली, रडली. पण हळूहळू ती स्थिरावली आणि त्यांची वाढ पुन्हा मार्गी लागली. खऱ्या आयांना केव्हाही भेटायला यायची मुभा होती.

तिथे भट्टी पेटवण्यापासून पडेल ती कामं करणारे जेम्स रॉबर्टसनही नोंदी लिहायला शिकले. त्यांनी 1952 मध्ये हॉस्पिटलमध्ये एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म बनवली. तेव्हा ब्रिटिश हॉस्पिटलांत पालकांना भेटीची वेळ जेमतेम मिळायची. ते नियम बदलण्यात या फिल्मचा मोठा वाटा होता.

सहा अनाथ मुलं

1945 मध्ये टेरेझिनच्या छावणीतून सुटलेली सहा ज्यू मुलं इंग्लंडला आणली गेली. वय साधारण तीन वर्षं, सगळी अनाथ. ती खेळणी तोडायची, मोठ्यांना चावायची. पण एकमेकांना सोडून राहायची नाहीत, आणि जेवताना शेजारच्याला मिळालं का ते आधी बघायची. आईची जागा काही अंशी त्यांनी एकमेकांना दिली होती, हे ॲना यांनी 1951 मध्ये सोफी डॅन यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात दाखवलं.

कोर्टापर्यंत

1973 मध्ये दोन सहलेखकांसोबत त्यांनी मुलांच्या ताब्याच्या खटल्यांवर पुस्तक लिहिलं. जन्म कुणी दिला यापेक्षा मूल रोज कुणाला आपलं मानतं, हे कोर्टाने पाहावं, असा त्यांचा आग्रह होता. ताबा नसलेल्या पालकाने मुलाला भेटावं की नाही, हेही ताबा असलेल्यानेच ठरवावं, हा त्यातला मुद्दा मात्र अनेकांना पटला नाही. त्यावर भरपूर टीका झाली.

ॲना फ्रॉईड यांचं 9 ऑक्टोबर 1982 ला लंडनमध्ये निधन झालं. हॅम्पस्टेडमध्ये त्यांनी 1952 मध्ये उघडलेल्या क्लिनिकला नंतर त्यांचंच नाव दिलं गेलं. ही संस्था आजही मुलांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करते.