पत्त्याच्या कोपऱ्यातली सही

मागच्या दिवाळीत मुलीने पुण्याहून येताना टॅरोच्या पत्त्यांचा कॅट आणि दोन पुस्तकं आणली. आमच्या दीपनगर वसाहतीत दुपारी घरची माणसं ड्युटीवर आणि मुलं शाळेत गेली, की बायकांना जरा उसंत मिळते. त्या वेळात मी पुस्तक उघडून बसू लागले. भविष्य सांगायची हौस मला नाही. पण चित्रातल्या खुणा वाचायला मजा वाटू लागली.

एकूण पत्ते 78. त्यातले 22 मोठे, आणि इस्पिक-बदामसारख्या चार गटांचे 56. काठ्या, प्याले, तलवारी, नाणी असे ते चार गट. मुळात हा पंधराव्या शतकातला इटलीचा खेळ! भविष्य बघायला त्याचा वापर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये वाढला.

एकदा बचत गटातल्या एका सुनेने गंमत म्हणून पत्ता उचलला आणि मृत्यूचा पत्ता निघाला. बिचारी पांढरी पडली. मी पुस्तक काढून तिला एकेक खूण दाखवली. पांढरा घोडा, काळ्या निशाणावर पांढरं फूल, मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य. एक संपतं, दुसरं सुरू होतं, एवढाच त्याचा अर्थ. ती हसली. मग पत्त्याच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली, "ताई, हे काय गिचमिड आहे?"

ती चित्रकर्तीची सही होती. कॅटवर मात्र नाव होतं रायडर-वेट. रायडर प्रकाशक आणि वेट ही कल्पना सांगणारे गृहस्थ. मग चित्रं काढणारी कोण?

तिचं नाव पामेला कोलमन स्मिथ. जन्म लंडनचा, 16 फेब्रुवारी 1878. आईवडील अमेरिकन. वडिलांच्या नोकरीपायी बालपण आधी मँचेस्टरला आणि मग थेट जमैका बेटावर गेलं. तिथल्या लोककथा तिच्या मनात कायमच्या बसल्या. पंधराव्या वर्षी ती न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनच्या प्रॅट संस्थेत चित्रकला शिकायला गेली. 1896 मध्ये आई गेली, 1899 मध्ये वडीलही. पदवी हातात नाही, पाठीशी कुणी नाही. एकविसाव्या वर्षी ती पूर्ण पोरकी झाली.

पण पोरगी खचली नाही. जमैकातल्या गोष्टींचं सचित्र पुस्तक तिने 1899 मध्येच काढलं. लंडनला येऊन एलन टेरी या गाजलेल्या नटीच्या मंडळींत मिसळली, रंगभूमीसाठी चित्रं काढली, स्वतःचं छोटं मासिक चालवलं. संगीत ऐकताना डोळ्यांपुढे जे दिसे, ते ती कागदावर उतरवी. 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या नामांकित फोटो-गॅलरीत तिची चित्रं लागली. तिथे फोटोंशिवाय दुसरं काही लागण्याची ती पहिलीच वेळ. बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीसाठीही तिने चित्रं काढून दिली.

1909 मध्ये वेट यांनी तिला टॅरोचं काम दिलं. काही महिन्यांत तिने सगळे पत्ते रंगवले. पूर्वी बहुतेक कॅटांमध्ये तीन प्याल्यांच्या पत्त्यावर नुसते तीन प्याले असत. हिने तिथे प्याले उंचावून नाचणाऱ्या तीन मैत्रिणी काढल्या! छोट्या पत्त्यांनाही तिने अशी गोष्ट दिली, म्हणून तर माझ्यासारख्या नवशिकीला ते नुसतं बघून कळतात. काम डोंगराएवढं आणि पैसे अगदी थोडे, असं तिने ओळखीच्या एकाला पत्रातून कळवलं होतं. पुढे हा कॅट जगभर खपला, पण तिच्या पदरात काही पडलं नाही.

1911 मध्ये ती कॅथलिक झाली. पहिल्या महायुद्धानंतर नात्यातून थोडा पैसा मिळाला, तेव्हा कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर घर घेऊन तिने धर्मगुरूंसाठी विश्रामगृह चालवलं. लग्न केलं नाही. चित्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. 18 सप्टेंबर 1951 रोजी ती गेली, तेव्हा देणी भागवायला घरातलं सामान विकावं लागलं.

1951 वाचलं आणि मी थबकले. त्याच वर्षी 3 डिसेंबरला आपल्या जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या. दोघींच्या वयात अवघं दोन-अडीच वर्षांचं अंतर. बहिणाबाईंनी तर कवितेत ज्योतिषालाच दारातून परत पाठवलं होतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरच्यांनी ओव्या उतरवून ठेवल्या, मुलगा सोपानदेवांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. म्हणून आज खानदेशात शाळकरी पोरीलाही त्यांचं नाव ठाऊक आहे. पामेलाला लिहिता-वाचता येत होतं, प्रत्येक चित्रावर सहीसुद्धा होती. तरी तिचं नाव मागे पडलं, कारण ते पुढे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. आता कुठे लोक त्या कॅटला रायडर-वेट-स्मिथ म्हणू लागलेत.

मैत्रिणींनो, बाईने राबायचं आणि नाव दुसऱ्याचं लागायचं, हे आपल्याला नवं नाही. आमच्या गटाच्या गोधड्या विकायला जात, तेव्हा त्यावर फक्त गटाचं नाव असे. खरं सांगते, त्यात मला कधी काही खटकलं नव्हतं. आता प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव दोऱ्याने घालतो. पहिल्या दिवशी ती पत्त्याला घाबरलेली सून स्वतःच्या नावावरून कितीतरी वेळ हात फिरवत बसली होती.