मुद्दल ६२५, व्याज ३७५ : भास्कराचार्यांनी शिकवलेला शेकड्याचा हिशोब

कळमनुरी : खेड्यात हातउसने पैसे आजही दोन रुपये शेकडा, तीन रुपये शेकडा असेच बोलून घेतले जातात. शेकडा म्हणजे शंभराला, आणि तेही महिन्याला. वर्षाचं धरलं तर तीन रुपये शेकडा म्हणजे ३६ टक्के. ही बोली काही आजची नाही. बाराव्या शतकात लिहिलेल्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात व्याजाची उदाहरणं याच रीतीनं, शंभराला महिन्याचा दर सांगून घातलेली आहेत. ग्रंथाचे कर्ते भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. सह्याद्रीजवळचं विज्जडविड हे आपलं गाव असं ते सांगतात. हे गाव आजचं कोणतं, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्यांच्या घराण्याचा ठाव जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथं पक्का लागतो, कारण तिथं शिलालेखच आहे.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा मोठा ग्रंथ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. पैकी लीलावती म्हणजे रोजच्या व्यवहाराचं गणित. त्यात त्रैराशिक आहे, व्याज आहे, खड्ड्याचं माप आहे, लाकूड कापण्याची मजुरी आहे. खळ्यावरच्या राशीचं मापसुद्धा आहे. राशीचा घेर मोजायचा. जाड दाण्याचं धान्य असेल तर राशीची उंची घेराच्या दहाव्या भागाइतकी धरायची, बारीक दाण्याला अकरावा भाग आणि कुसळाच्या धान्याला नववा भाग. धान्य बघितल्याशिवाय असा फरक कोणी लिहीत नाही.

आता त्यातला व्याजाचा एक हिशोब बघा. शेकडा ५ दरानं पैसे दिले. वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज मिळून हजार झाले. तर मुद्दल किती, व्याज किती?

घाईत कोणीही म्हणेल, महिन्याला ५ तर वर्षाला ६० टक्के, हजाराचे ६० टक्के ६००, म्हणजे व्याज ६०० आणि मुद्दल ४००. पण ताळा करून बघा. ४०० चे ६० टक्के होतात २४०. ४०० आणि २४० मिळून ६४०, हजार काही भरत नाहीत. चूक कुठं झाली? ६० टक्के मुद्दलावर लागतात, आपण ते हजारावर लावले. हजारात व्याज आधीच मिसळलेलं आहे.

भास्कराचार्यांची रीत अशी. शंभराचं वर्षाचं व्याज ६०. म्हणून आधी १०० आणि ६० ची बेरीज करा, १६० आले. मग हजाराला १०० नं गुणून १६० नं भागा. मुद्दल ६२५. हजाराला ६० नं गुणून १६० नं भागलं की व्याज ३७५. दोन्ही मिळून बरोबर हजार.

इथं बेरीज आधी आणि भागाकार नंतर आहे. आजच्या लिखाणात हे १००० × १०० ÷ (१०० + ६०) असं मांडतात. कंस काढून हेच मोबाईलवर दाबलं तर उत्तर येतं १०६०, म्हणजे एकूण रकमेपेक्षा मुद्दलच जास्त. यंत्राचा दोष नाही. शाळेत कंचेभागुबेव शिकवलं जातं ते याचसाठी. कंस नसला की भागाकार आधी होतो, बेरीज मागं राहते.

भास्कराचार्यांच्या काळी कंस नव्हतेच. ही खूण युरोपातल्या पुस्तकांत सोळाव्या शतकात दिसायला लागली. मग क्रम कसा सांभाळायचा? ते श्लोकात एकेक पायरी शब्दात सांगत. एक क्रिया पुरी झाली की तिच्या उत्तरावर पुढची.

उलट्या बाजूनं जायचं तर त्यांनी व्यस्तविधी सांगितला. शेवटचं उत्तर माहीत आहे, सुरुवात काढायची आहे, तर सगळ्या क्रिया उलट्या क्रमानं करायच्या. बेरजेच्या जागी वजाबाकी, गुणाकाराच्या जागी भागाकार. आणि एखादी रक्कम स्वतःच्याच हिश्श्यानं वाढली असेल, तर मागं येताना तोच हिस्सा वजा करायचा नाही. वरचा अंक तोच ठेवायचा आणि खालच्या अंकात वरचा अंक मिळवायचा.

शेतकऱ्याच्या कामाचा नियम हाच आहे. समजा सोयाबीनचा भाव ५,००० वरून १० टक्क्यांनी वाढून ५,५०० झाला. १० टक्के म्हणजे दहावा भाग. मागं यायचं तर १० मध्ये १ मिळवा, अकरावा भाग काढा. ५,५०० चा अकरावा भाग ५००, म्हणजे परत ५,०००. पण भाव ५,५०० वरून १० टक्क्यांनी उतरला तर ५५० जातात आणि ४,९५० राहतात. वाढ १० टक्के, उतार १० टक्के, तरी क्विंटलमागं ५० रुपये कमी.

बिलाचंही तसंच. १८ टक्के कर धरून एखादी वस्तू १,१८० ला पडली, तर कर १८० आणि मूळ किंमत १,०००. १,१८० चे १८ टक्के काढले तर २१२ रुपये ४० पैसे येतात, ते चुकीचे.

घटीला नियम फिरतो. तिथं खालच्या अंकातून वरचा अंक वजा करायचा. माल वाळून पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के घटणार असेल आणि हातात २० क्विंटल उरायला हवा असेल, तर २४ क्विंटल घेऊन भागत नाही. ५ मधून १ गेला, राहिले ४. म्हणून २० चा चौथा भाग ५ मिळवायचा. २५ क्विंटल लागतात.

लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाची वेळ घटिकापात्रात मोती पडल्यानं चुकली आणि तिच्या समाधानासाठी ग्रंथ लिहिला, अशी कथा सगळ्यांना माहीत आहे. ती येते अकबराच्या दरबारातला कवी फैजी यानं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात. १८१७ साली कोलब्रुक यांनी लीलावती इंग्रजीत नेली.

भास्कराचार्य म्हातारपणीही थांबले नाहीत. ११८३ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी ग्रहांची गणितं सोप्या रीतीनं करण्यासाठी करणकुतूहल लिहिलं. औंढा नागनाथाचं देऊळ ज्या यादवांच्या काळातलं मानलं जातं, त्याच यादवांच्या दरबारी पुढं त्यांच्या घराण्याला मान मिळाला. मुलगा लक्ष्मीधर याला राजा जैत्रपालानं बोलावून नेलं. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवानं पाटणला मठ काढला. १२०७ च्या शिलालेखात ही हकिकत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला.

लेखाचा देणग्यांचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात गिऱ्हाईकाकडून राजाला जो कर मिळायचा तो मठाला दिल्याचं त्यात लिहिलं आहे. म्हणजे हिशोब शिकवणाऱ्या मठाचा खर्च बाजारातल्याच हिश्श्यावर चालायचा. मोंढ्यात पट्टी हातात पडली की टक्का नेमका कोणत्या रकमेवर लावलाय, हे आपणही आधी विचारलं पाहिजे.