पाचगणीच्या शाळेत पियानो वाजवणारा पारशी पोरगा पुढं फ्रेडी मर्क्युरी झाला

पाचगणी म्हटलं की काय आठवतं? टेबल लँड, स्ट्रॉबेरी आणि बोर्डिंग शाळा. यातल्याच सेंट पीटर्स शाळेत १९५८ साली पाच पोरांनी मिळून बँड काढला. नाव ठेवलं, द हेक्टिक्स. शाळेच्या कार्यक्रमांत ते क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. मुख्य गायक दुसराच होता. पियानोवर बसायचा तो १२ वर्षांचा फारुख बलसारा.

फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा. घराणं मूळचं गुजरातमधल्या वलसाडचं, म्हणून आडनाव बलसारा. वडील तिथं इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. त्यांनी पोराला वयाच्या आठव्या वर्षी थेट पाचगणीला धाडलं. त्याला वरच्या जबड्यात चार दात जास्त होते, त्यामुळे पोरं त्याला 'बकी' म्हणून चिडवायची. फ्रेडी हे नावही त्याला इथंच चिकटलं.

शाळा संपवून तो झांझिबारला परतला आणि १९६४ मध्ये तिथं क्रांती झाली. जीव वाचवायला बलसारा कुटुंब इंग्लंडला पळालं. फ्रेडीनं लंडनमध्ये ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं. बँड बदलत बदलत १९७० मध्ये तो ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत आला. 'क्वीन' हे नाव त्यानं सुचवलं, लोगोही त्यानंच काढला. बलसारा जाऊन 'मर्क्युरी' आलं तेही याच काळात.

१९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं. जवळपास सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर कोण लावणार, असा प्रश्न होता. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. १३ जुलै १९८५ ला 'लाइव्ह एड'मध्ये वेम्बली स्टेडियमवर सुमारे ७२ हजार लोक त्याच्या हातवाऱ्यांवर टाळ्या वाजवत होते. त्याच वर्षी त्याचा पहिला सोलो अल्बमही आला.

पण इतकं जग जिंकलेला हा माणूस स्वतःबद्दल फार कमी बोलायचा. झांझिबार, पाचगणी, पारशी घर हे विषय मुलाखतीत आले की तो टाळायचा. आजारपणाचंही तेच झालं. एड्स म्हणजे बदनामी असा तो काळ होता. अफवा उठत राहिल्या, तो गप्प राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी गेला. वय होतं फक्त ४५.

त्याचे अंत्यसंस्कार मात्र पारशी धर्मगुरूंनी केले. ज्या फारुखबद्दल तो आयुष्यभर बोलला नाही, त्याच फारुखच्या रीतीनं घरच्यांनी त्याला निरोप दिला.

आता पाचगणीला गेलात, तर स्ट्रॉबेरी घ्याच. पण सेंट पीटर्सवरून जाताना हेडफोनवर 'क्वीन' लावायला विसरू नका.