शिष्यवृत्तीचें ऋण

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे शाळेच्या सूचनाफलकापुढें विद्यार्थ्यांची दाटी होते. ज्या मुलास शिष्यवृत्ति मिळाली असेल त्याच्या घरीं त्या दिवशीं आनंदीआनंद असतो, आणि तें योग्यच आहे. परंतु ही शिष्यवृत्ति ज्यांच्या पैशांतून मिळाली त्यांचें आपण कांहीं देणें लागतों, हा विचार त्या आनंदाच्या भरांत सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. म्हणून शिष्यवृत्तीच्या आधारानें परदेशीं जाऊन कला शिकलेल्या, आणि तें देणें न विसरलेल्या एका थोर शिल्पकाराचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

यूरोपच्या उत्तरेस डेन्मार्क नांवाचा लहानसा देश आहे. कोपनहेगन ही त्याची राजधानी. तेथें गोट्स्काल्क थोर्वाल्डसेन नांवाचा, मूळचा आइसलंड बेटांतील, एक लांकडावर कोरीव काम करणारा कारागीर राहत असे. जहाजांच्या नाळेवर बसवावयाच्या मूर्ति कोरून तो कसाबसा संसार चालवी. हातीं हुन्नर होता, पण मद्याच्या व्यसनानें त्या हुन्नरास बरकत येऊं दिली नाहीं. याच घरांत बर्टेल थोर्वाल्डसेन जन्मास आला. त्याच्या जन्माची नोंद कोठें सांपडत नाहीं. सामान्यतः १७७० हें साल धरण्याचा प्रघात आहे.

मुलगा बापाच्या शेजारीं बसून कोरूं लागला, आणि त्याच्या हातांतील गुण लौकरच सर्वांच्या नजरेस आला. अकराव्या वर्षीं त्यास राजधानींतील राजकीय कला-अकादमीच्या शाळेंत प्रवेश मिळाला. मातींत आकार देण्यांत व चित्र काढण्यांत तो पुढें असे. मात्र वाचन-लेखनांत त्याची गति फारच मंद होती. दृढीकरणाच्या वर्गांत तर तो शेवटच्या रांगेंतील विद्यार्थी होता. १७८७ सालीं अकादमीनें त्यास लहान रौप्यपदक दिलें व ती बातमी वर्तमानपत्रांत छापून आली. वर्ग घेणाऱ्या पाळकसाहेबांनीं ती वाचली, आणि पदक मिळविणारा तुझा भाऊ काय, असें त्यांनीं बर्टेलला विचारलें. तो मीच, असें त्या संकोची मुलानें सांगितलें. पाळकसाहेबांनीं त्यास तत्काळ पहिल्या जागेवर बसविलें आणि त्या दिवसापासून ते त्यास मोठ्या माणसास शोभेल अशा आदराच्या शब्दानें हांक मारूं लागले. पुढें राजेरजवाड्यांनीं त्याचा सन्मान केला. पण त्या एका शब्दाची गोडी पुढील कोणत्याच सन्मानास आली नाहीं, असें तो म्हातारपणींही सांगत असे.

१७९१ सालीं तो सुवर्णपदकाच्या स्पर्धेस बसला. विषय हातीं पडतांच त्याचा धीर सुटला व तो मागल्या जिन्यानें पळून जाऊं लागला. सुदैवानें जिन्यावर एक अध्यापक भेटले. त्यांनीं रागें न भरतां त्याची समजूत घातली व त्यास परत पाठविलें. त्या दिवशीं त्यानें लहान सुवर्णपदक जिंकलें. दोन वर्षांनीं, १७९३ सालीं, मोठें सुवर्णपदकही त्यासच मिळालें. या वेळचा विषय आपल्या परिचयाचा आहे: मंदिराच्या द्वाराशीं बसलेल्या पांगळ्यास पेत्र बरें करतो, हा प्रेषितांच्या कृत्यांतील प्रसंग. या मोठ्या पदकाबरोबर परदेशीं जाऊन कलेचा अभ्यास करण्याच्या शिष्यवृत्तीचा हक्क मिळत असे. ती हातीं येण्यास मात्र आणखी कांहीं काळ वाट पाहावी लागली.

१७९६ सालीं एका डॅनिश लढाऊ जहाजांतून तो इटलीकडे निघाला. आईबापांचा निरोप घेतांना ही आपली शेवटची भेट, हें त्यास कोठून ठाऊक असणार! प्रवास अनेक महिन्यांचा होता. तेवढ्या अवधींत इटालियन भाषेचें थोडें तरी ज्ञान मिळवितां आलें असतें. पण त्यानें तो काळ बहुतेक आळसांत घालविला, व जहाजाच्या कप्तानाचें त्याजविषयीं मुळींच चांगलें मत झालें नाहीं. ८ मार्च १७९७ रोजीं तो रोम शहरीं पोंचला. आपला खरा जन्मदिवस ठाऊक नसल्यामुळें पुढें जन्मभर तो हाच दिवस आपला रोममधील वाढदिवस म्हणून पाळीत असे.

परंतु हा नवा जन्म सुखाचा नव्हता. रोममध्यें गेओर्ग झोएगा नांवाचे डॅनिश पुरातत्त्ववेत्ते राहत असत. प्राचीन मूर्ति, नाणीं व शिलालेख यांचें त्यांचें ज्ञान अगाध होतें. आपल्या देशाकडून आलेल्या या तरुणास ना इटालियन भाषा येते, ना ग्रीकांच्या पुराणकथा व इतिहास ठाऊक आहेत, हें पाहून त्यांस खेद वाटला. इतक्या अपुऱ्या तयारीच्या मुलांस परदेशीं पाठविण्यांत काय अर्थ, असा त्यांचा अकादमीवर आक्षेप होता. तो आक्षेप कडू होता, पण खोटा नव्हता. ज्या देवतेची कथा आपणांस ठाऊक नाहीं, तिच्या मूर्तीचा हात असा कां उचलला आहे, मान अशी कां वळली आहे, हें नुसत्या डोळ्यांस कसें समजावें? थोर्वाल्डसेनचा हात तयार होता. डोळ्यामागचें ज्ञान अद्याप यावयाचें होतें.

त्यानें राग धरला नाहीं. तो झोएगांकडे जाऊं लागला, आपलें काम त्यांस दाखवूं लागला आणि त्यांची कठोर टीका निमूटपणें ऐकूं लागला. व्हॅटिकनमधील व इतर संग्रहांतील प्राचीन मूर्तींपुढें त्यानें तासचे तास घालविले. काळ वाईट होता. १७९८ सालीं फ्रेंच सैन्य रोममध्यें शिरलें. अनेक प्रख्यात मूर्ति पॅरिसला नेण्यांत आल्या. त्यांतच हिंवतापानें त्यास वारंवार अंथरुणास खिळविलें. शिष्यवृत्तीची मुदत वाढवून मिळाली, तरी तीही संपत आली.

आपण रोममध्यें काय मिळविलें हें दाखविण्यासाठीं त्यानें एकच मोठें काम हातीं घेतलें. सोनेरी लोंकर जिंकून परतणाऱ्या जेसन या ग्रीक वीराची ती मूर्ति होती. पहिला मातीचा नमुना १८०१ सालीं तयार झाला, पण तो टिकला नाहीं. त्यानें पुन्हां आरंभ केला व दुसरी मूर्ति पुरुषभर उंचीहूनही मोठी घडविली. त्या काळचा सर्वश्रेष्ठ इटालियन शिल्पकार कानोव्हा यानें तिची मनापासून स्तुति केली. तरी ती संगमरवरांत करून घेणारा कोणी भेटेना. १८०३ सालीं थोर्वाल्डसेननें सामान बांधलें. सोबत्याच्या परवान्यांत कांहीं उणीव निघाली म्हणून प्रस्थान लांबलें. आणि तेवढ्यांत टॉमस होप नांवाचे एक धनिक इंग्रज गृहस्थ त्याच्या कारखान्यांत आले, त्यांनीं जेसन पाहिला व तो संगमरवरांत करण्यास सांगितलें. थोर्वाल्डसेन रोममध्यें राहिला. चरित्र लिहितांना दोषही सांगितला पाहिजे: ज्या होपसाहेबांमुळें त्याचें भाग्य उघडलें, त्यांस ती मूर्ति हातीं पडण्यास तब्बल २५ वर्षें लागलीं.

यानंतर त्याची कीर्ति यूरोपभर पसरली. तो स्वतः प्रॉटेस्टंट असूनही रोममधील सेंट पीटरच्या महामंदिरांत पोप सातवे पायस यांचें स्मारक त्याच्या हातून झालें. १८१९ सालीं तो मायदेशीं आला, तेव्हां त्याचें मोठें स्वागत झालें. पण तें पाहण्यास आईबाप हयात नव्हते. १८०७ सालच्या इंग्रजांच्या भडिमारांत कोपनहेगनमधील मुख्य उपासनामंदिर उद्ध्वस्त झालें होतें. नव्यानें उभारल्या जात असलेल्या त्या मंदिरासाठीं ख्रिस्त व बारा प्रेषित यांच्या मूर्ति करण्याचें काम त्यानें पत्करलें. दोन्ही हात पसरून उभा असलेला त्याचा ख्रिस्त आज देशोदेशींच्या ख्रिस्ती घरांत चित्ररूपानें व प्रतिकृतिरूपानें पोंचला आहे.

१८३८ सालीं तो कायमचा राहावयाच्या उद्देशानें मायदेशीं परतला. त्याला नेण्यास राजानें लढाऊ जहाज पाठविलें होतें व बंदरावर सारें शहर लोटलें होतें. परंतु त्या जहाजांतून आलेल्या पेट्यांकडे आपण लक्ष देऊं या. त्यांत त्याच्या स्वतःच्या कृति होत्याच. त्याशिवाय रोममध्यें राहून त्यानें जमविलेलीं चित्रें, प्राचीन नाणीं, कोरीव रत्नें, ग्रीक, रोमन व मिसर देशांतील जुन्या वस्तु असा मोठा संग्रह त्यानें आपल्या गांवास देण्याचें ठरविलें होतें. लोकांनीं वर्गणी केली, राजानें जागा दिली, आणि डेन्मार्कमधील पहिली सार्वजनिक संग्रहालय-इमारत उभी राहूं लागली. २४ मार्च १८४४ रोजीं नाट्यगृहांत बसला असतां थोर्वाल्डसेनला अकस्मात् मृत्यु आला. १८४८ सालीं संग्रहालय लोकांस खुलें झालें. त्याच्याच चौकांत, आपल्या कृतींच्या मधोमध, तो चिरनिद्रा घेत आहे.

आता हिशेब पाहा. अकादमीनें एका कारागिराच्या मुलास कांहीं वर्षांचा खर्च दिला. रोमला पोंचल्यावर त्यास कळलें कीं, ज्या प्राचीन कलेचा अभ्यास करावयाचा तिची आपणांस ओळखदेखील नाहीं. आणि त्या उणीवेबद्दल त्यास विद्वानांचे बोल ऐकावे लागले. चाळीस वर्षांनीं त्यानें ती प्राचीन कलाच गांवांत आणून ठेवली. त्यानंतर कोपनहेगनमधील गरिबाच्या मुलास ती पाहण्यासाठीं शिष्यवृत्तीची व जहाजाची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. दोन गल्ल्या चालून जाणें पुरे झालें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांपैकीं कोणास उद्यां शिष्यवृत्ति मिळेल, कोणी दूरदेशींही जाईल. जातांना आळस घरीं ठेवून जा, आणि कोणी तुमचें अज्ञान दाखवून दिलें तर त्याच्याच पायांशीं बसून शिका. आणि परत याल तेव्हां जें तुम्हांस येथें मिळालें नव्हतें, तें तुमच्या मागून येणाऱ्या मुलांसाठीं बरोबर घेऊन या.