हिराबाई बडोदेकर : एका प्रतिमेची घडण

१९०५ साली मिरजेत जन्मलेल्या चंपाकलीला पुढे सारा महाराष्ट्र हिराबाई बडोदेकर या नावाने ओळखू लागला. वडील अब्दुल करीम खाँ हे किराना घराण्याचे अध्वर्यू; आई ताराबाई माने बडोद्याच्या सरदार घराण्यातील, खाँसाहेबांसाठी घर सोडून आलेल्या. कालांतराने ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या आणि अब्दुल रहमानचे सुरेशबाबू, चंपाकलीची हिरा, गुलाबची कमला, सकीनाची सरस्वती झाली. पित्याचे नाव सुटले. गायकी मात्र सुटली नाही. हिराबाईंना ती वडिलांकडून नव्हे, तर थोरले बंधू सुरेशबाबू आणि किराना घराण्याचेच अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून मिळाली.

त्या काळी गाणारी स्त्री म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर कलावंतिणीची बैठक येई. तिच्या विद्येला दाद मिळे, प्रतिष्ठा मिळत नसे. १९२१ मध्ये मुंबईत विष्णु दिगंबरांच्या गांधर्व महाविद्यालयात हिराबाई गायल्या, तेव्हा प्रश्न केवळ त्यांच्या तयारीचा नव्हता. पुढे त्यांनी तिकिटे लावून जलसे केले. असे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री गायिका मानल्या जातात. या साध्या व्यवहाराचा परिणाम दूरगामी झाला. यजमानाच्या आमंत्रणाची जागा तिकिटाने घेतली, गाणे दिवाणखान्यातून सभागृहात आले आणि मध्यमवर्गीय कुटुंबे स्त्रियांसह समोर बसू लागली. हिराबाईंनी मंचावरचे आपले वागणेही त्याला अनुरूप ठेवले : साधी, नीटस वेशभूषा, स्थिर बैठक, हावभावांना पूर्ण फाटा. श्रोत्याने पाहू नये, ऐकावे, हाच जणू त्यांचा आग्रह होता. स्वरांची संथ, आर्जवी बढत ही किराना गायकीची प्रकृती या संयमाला पोषक ठरली, हेही नमूद केले पाहिजे. आक्रमक लयकारीच्या घराण्यात ही प्रतिमा इतक्या सहज साधली असती का, याविषयी शंका वाटते.

विसाच्या दशकाच्या अखेरीस भावंडांनी नाटक मंडळी काढली. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका रंगभूमीवर राज्य करीत असताना सुभद्रेची भूमिका प्रत्यक्ष स्त्रीने करावी, हे धाडसच होते. कलेच्या दृष्टीने ते फळले, व्यवहारात नाही. मंडळी कर्जात बुडाली आणि बंद पडली. मग बोलपट आले, ध्वनिमुद्रिका आल्या. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग, नाट्यपद, भजन, भावगीत सारे काही बसवून हिराबाई घराघरांत पोहोचल्या. त्यांच्या लोकप्रियतेचे खरे वाहन मैफलीपेक्षा या तबकड्याच होत्या.

उत्तरायुष्यात धाकट्या भगिनी सरस्वती राणे यांच्याबरोबर त्यांनी जुगलबंदी गायली. दोन स्त्रियांनी असे गाणे तेव्हा नवे होते. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० मध्ये पद्मभूषण, असे सन्मान येत गेले. प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्येने तो वारसा पुढे नेला.

या प्रतिष्ठेची एक किंमतही होती. हिराबाईंच्या रूपाने मंचावर जे सोज्ज्वळपण रूढ झाले, तेच पुढे गायिकेला जोखण्याचे माप बनले, आणि ज्या कलावंतिणींनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, त्या त्या मापात बसल्या नाहीत. हा दोष हिराबाईंच्या माथी मारता येणार नाही. परंतु त्यांचे चरित्र लिहिताना तो वगळताही येत नाही. २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.