विश्लेषण : गणितात जिंकलेले रामानुजन केंब्रिजमधल्या रोजच्या जगण्यात का थकले?

परदेशी जाताना प्रवेश, व्हिसा, पैसे यांची तयारी महिनोनमहिने चालते. तिथे जेवायचे काय, थंडीत झोपायचे कसे, बोलायचे कोणाशी, हे प्रश्न पोहोचल्यावर समोर येतात. शंभर वर्षांपूर्वी श्रीनिवास रामानुजन यांच्याबाबतीत हेच घडले.

इंग्लंडला जाणे कसे ठरले?

मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून असलेल्या रामानुजन यांनी जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना आपली सूत्रे पाठवली. हार्डी यांनी त्यांना बोलावले. समुद्र ओलांडण्यास घरातून विरोध होता, तो पुढे मावळला. मद्रास विद्यापीठाने वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती दिली. निघण्यापूर्वी शेंडी कापावी लागली. १७ मार्च १९१४ रोजी ते बोटीने निघाले, तेव्हा २६ वर्षांचे होते. पत्नी जानकी भारतातच राहिल्या.

अडचणी कोणत्या होत्या?

बूट पायाला टोचत, म्हणून ते खोलीत सपाता वापरत. थंडी तर सोसवतच नसे. त्या वेळी केंब्रिजमध्ये शिकणारे प्रशांतचंद्र महालनोबिस त्यांच्याकडे गेले, तेव्हा रामानुजन ओव्हरकोट घालून झोपत असल्याचे कळले. पलंगावर ब्लँकेट होती, पण ती गादीखाली खोचलेली. त्यांच्या आत शिरून झोपायचे असते, हे त्यांना माहीतच नव्हते. महालनोबिस यांनी ते करून दाखवले.

जेवणाचे काय?

रामानुजन कट्टर शाकाहारी होते. कॉलेजच्या भोजनगृहात न जेवता ते खोलीवर स्वतः रांधत. त्यामुळे पंगतीत होणाऱ्या ओळखी झाल्या नाहीत. कामाच्या नादात जेवणाची वेळ टळे. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन महायुद्धात उतरले आणि ताजी भाजी, फळे मिळणेही कठीण झाले.

परिणाम काय झाला?

काम जोरात सुरू होते. १९१६ मध्ये त्यांना केंब्रिजची पदवी मिळाली. मात्र १९१७ मध्ये ते आजारी पडले आणि पुढचा बराच काळ रुग्णालये व सॅनेटोरियममध्ये गेला. तिथे मनासारखे जेवण मिळत नसे. घरी सासू-सुनेचे पटत नव्हते, पत्नीची पत्रे पोहोचत नव्हती. १९१८ च्या सुरुवातीला त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला, पण ते वाचले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे आणि ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले.

आजार नेमका कोणता?

तेव्हा क्षयरोगाचे निदान झाले होते. पुढे १९९४ मध्ये डॉ. डी. ए. बी. यंग यांनी जुन्या नोंदी तपासून यकृताच्या अमिबाजन्य संसर्गाची शक्यता मांडली. म्हणजे केवळ थंडी आणि उपासमार यांवर सगळा दोष टाकता येत नाही. पण आजाराशी झुंजणारे शरीर आणि मन त्यांनी आणखी खचवले, हे नक्की.

मार्च १९१९ मध्ये त्यांची बोट मुंबईला लागली. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासमध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

केंब्रिजमध्ये सूत्रे तपासायला हार्डी होते. जेवलात का, झोप लागते का, हे रोज विचारणारे मात्र कोणी नव्हते. तुमच्या घरचे कोणी परदेशी असेल, तर पुढच्या व्हिडिओ कॉलवर हे दोन प्रश्न आधी विचारा.